खालच्या काकांचं ताट

बंड्या,

खालच्या घरमालकीण बाई जेवायला बसल्या की वारलेल्या नवऱ्याच्या खुर्चीपुढे रिकामं ताट मांडतात. त्यांच्या लोकांत त्या खुर्चीशी कुणी बोलत नाही. काल तू मात्र परदेशातही आपल्याकडच्या सवयीने त्या खुर्चीला म्हणालास, "काका, आमच्याकडेही या जेवायला."

सकाळी आपल्या टेबलावर तिसरं ताट होतं, उष्टं. मी ते मांडलं नव्हतं. तेवढ्यात बाई रडत वर आल्या. म्हणाल्या, "आज ते घरात नाहीत. खुर्ची नुसतीच रिकामी आहे."

मी खाली त्यांच्यासोबत बसते. कुकर लावलाय. तुझं आणि काकांचं वाढ, आग्रह कर, पोटभर जेवू दे. मग दार उघडून नीट सांग, "काकू वाट बघतायत."

निरोप देताना सवयीने "पुन्हा या" म्हणू नकोस.

ताई