मागचा पत्रा

१९ जानेवारी

दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तू बरा असशीलच. तुझ्या ग्राइंडरच्या आवाजाने वहिनी बरी नसेल, तिला माझा वेगळा नमस्कार.

बाबांच्या जुन्या गाडीसाठी तू मागितलेला पत्रा मिळाला. पण मी तो पाठीवरून वाहिलाय, तेव्हा त्याची गोष्ट तुला ऐकावीच लागेल. आणि यापुढे चित्र काढशील तेव्हा खाली धड नाव लिहीत जा. एक चौकोन काढलास, त्याला दोन कान लावलेस, भोकांची मापं लिहिलीस आणि खाली फक्त 'मागचा पत्रा'. कशाच्या मागचा? मी ते चित्र घेऊन भंगाराची आवारं पालथी घातली. एक भंगारवाला म्हणाला, "हे मांजर आहे का?" दुसरा जरा शहाणा होता. "बाई, असली दोन सीटांची उघड्या टपाची गाडी इकडे एकच होती, आणि ती आता कोंबड्यांची आहे."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण खरंच, गावाबाहेर एका म्हातारीच्या अंगणात आपल्या गाडीची सख्खी बहीण उभी आहे. चाकं नाहीत, टप नाही, बॉनेटवर वेल चढलाय आणि आत कोंबड्या. स्टिअरिंगवर कोंबडा, मालकासारखा. तुझा पत्रा कुणीतरी कधीचा उचकटून सीटांवर आडवा टाकला होता, त्यावर पेंढा आणि पेंढ्यावर अंडी. मी चित्र ताडून पाहिलं. कान जुळले, भोकं जुळली.

म्हातारी म्हणाली, "ने की. मला पत्र्याचं काय लोणचं घालायचंय? पण आधी माझ्या कोंबड्यांची सोय कर. आधी उठवायचं आणि मग बघू म्हणायचं, हे माझ्याकडे चालत नाही."

म्हणून मी खोक्याच्या फळ्या ठोकून त्यांना घर करून दिलं. हातोडी बोटावर बसली ती निराळीच. कोंबड्या आल्या, माना वाकड्या करून बघून गेल्या, परत आल्या, आत बसल्या, तेव्हा कुठे म्हातारीने पत्र्यावरचा हात काढला. बसमध्ये कंडक्टर म्हणतो, याचं तिकीट काढ. मी म्हटलं, पत्रा आहे तो. तर म्हणे, "उभा आहे ना? उभ्यालाही तिकीट लागतं."

तर असा हा पत्रा, पार्सलने पाठवतेय. गाडीत तो कुठे बसतो ते मला अजून कळलेलं नाही. डिकीतला असावा.

गाडी झाली की पहिली चक्कर मी सीटांमागच्या फळीवर बसून मारणार, आत्ताच सांगून ठेवते. बाबांनी कपाटाच्या बिजागऱ्या लावून केलेली फळी आता मला पेलेल का, माहीत नाही. मोडली तर मोडली. बाबा गाडी चालवता चालवता एक हात मागे करायचे, "आहेस का गं?" म्हणायचे, आणि मी त्या हातावर टाळी देऊन "आहे" म्हणायचे. दर वळणाला. तू पुढे आईच्या जागेवर ऐटीत बसायचास आणि म्हणायचास, "बाबा, ती जाणार कुठे?" बघ, गेलेच ना सगळीकडे. बाबांनी उगाच भिंगरी नाव नाही ठेवलं.

बाबांना माझं नाव आठवतं का, ते लिही. आठवत नसेल तर नको लिहूस.

हॉटेलातली भांडी माझी वाट बघतायत.

तुझी,
भिंगरी


२ मार्च

दादा,

नमस्कार. पत्ता बदललाय, पाकिटावर बघ. हॉटेल सोडलं. आचारी मला 'ए पोरी' म्हणायचा, मी त्याला एकदा 'ए पोरा' म्हटलं. आता एका गोदामात खोकी लावते. खोकी बोलत नाहीत, सोन्यासारखं काम आहे.

तुझं पत्र आलं. 'पत्रा चपखल बसला. वेल्डिंग करून टाकलं. आता डावीकडच्या हेडलाइटची रिंग हवी.' आणि मग रिंगचं चित्र. निदान गोल होतं, मांजर नव्हतं. मध्येच एक ओळ, 'गॅस्केट ठीक, बाबा ठीक.' दादा, वडील आणि गॅस्केट एका ओळीत ठीक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाकी पत्रभर तुझं ते 'मूळ गाडीत नव्हतं'. बाबांनी लेथवर कातलेली गिअरची पितळी मूठ काढलीस, मूळ गाडीत काळी होती म्हणून. दाराचं हँडल काढलंस. ते बाबांनी पंपाच्या दांड्यापासून केलं होतं. तेव्हा पार्ट मिळत नव्हते म्हणून सगळं स्वतःच्या हाताने घडवलं त्या माणसाने, आणि मी गावोगाव उकिरडे फुंकत तुला खरे पार्ट पाठवतेय, ते कशाला? त्याच्या हातचं एकेक काढून फेकायला? उद्या म्हणशील, मूळ गाडीत हवासुद्धा वेगळी होती, टायरमधली सोड.

तू म्हणतोस, बाबांनी घेतली तशीच्या तशी गाडी समोर उभी केली की त्यांना आठवायला लागेल. डॉक्टरांनी जुन्या वस्तू दाखवायला सांगितल्यात. बरं. डॉक्टरांपुढे मी कोण? माझी शाळा तुला माहीत आहे, मधल्या सुट्टीतच संपली.

पण माझ्या एका ओळीचं उत्तर तू दिलं नाहीस. कुठली, ते तूच शोध.

रिंगचा माग लागलाय. एका न्हाव्याने ती आरशाला चौकट म्हणून लावलीय. विचारते त्याला.

बाबांना नमस्कार. कोणाचा म्हणून विचारलं तर सांग, कोणाचा ते.

भिंगरी


२० मार्च

दादा,

नमस्कार नाही. मी बरी, तू बरा, तेही काही नाही.

रिंग मिळाली. समोर टेबलावर आहे. न्हावी सोडत नव्हता. म्हणाला, "या चौकटीत गिऱ्हाईक तोंड बघतं आणि त्याला वाटतं आपण कुठेतरी वेगात निघालोय. ही काढली तर माझ्याकडे कोण येणार?" मी गोदामातून तांब्याची तार आणली, तशीच गोल दुहेरी चौकट वळून दिली, तेव्हा त्याने रिंग काढली. तार वळायला बाबांनीच शिकवलं होतं, पक्कड कशी धरायची, घाई कशी करायची नाही. हे सगळं कशाला सांगतेय मी? मुद्द्यावर यायला लागले की पेन कागद फाडतं म्हणून. वरचा कोपरा बघ, फाटलाय. तिथे आधी मी तुला काय म्हटलं होतं, ते गेलं ते बरं झालं.

वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर चिडायचं नाही. तिला वाटलं, मला ठाऊक आहे. "ह्यांनी लिहिलं असेलच ना तुला," म्हणाली. हो, ह्यांनी लिहिलं होतं. पत्र माझ्यासमोर आहे. 'रविवारी गाडी रस्त्यावर काढली. इंजिनचा आवाज एकदम स्वच्छ. शेजारी बघायला आले होते. आता फक्त डावी रिंग बाकी, लवकर पाठव.'

आता रविवारची गोष्ट मी तुला सांगते. तू तिथे होतास, मी नव्हते, तरी मी सांगते.

तू बाबांना इस्त्रीचा शर्ट घातलास. हाताला धरून आणलंस आणि स्टिअरिंगवर बसवलंस. शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी फोटो काढले. बाबांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि हसले. वहिनी म्हणाली, कितीतरी महिन्यांनी असे हसले. तुझे डोळे भरून आले म्हणे. तू शेजारी बसलास, आईच्या जागेवर.

मग बाबांनी एक हात मागे केला.

तो पत्र्यावर आपटला. बाबांनी परत केला. परत आपटला. "आहेस का गं?" म्हणाले. मग ते उतरले, वाकले आणि गाडीखाली बघायला लागले.

"काय शोधताय बाबा?"

"पोरगी कुठे उतरवली?"

"बाबा, ती मोठी झाली. बाहेरगावी असते."

"मोठी कशी होईल? आत्ता मागे होती."

तू म्हणालास, "बरं, येईल ती. चला, जेवून घेऊ." आणि सगळे जेवायला बसलात. तेवढ्यात बाबा अनवाणी बाहेर पडले. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारत होते, "फ्रॉक घातलेली एक पोर पाहिली का? गाडीतून पडलीय, माझ्याच गाडीतून." पार हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत गेले. पंपवाल्याने बसवून ठेवलं, पाणी दिलं. तळपाय सोलले होते. तू आणायला गेलास तर तुझ्याबरोबर यायला तयार नव्हते. पोरीला टाकून कसा येऊ, म्हणाले.

आणि मला तू लिहिलंस, आवाज एकदम स्वच्छ.

दादा, तो पत्रा मी आणला. कोंबड्या उठवून, बोट ठेचून, उभ्याचं तिकीट काढून मी आणला. तू मला कधी सांगितलं नाहीस की तो फळीच्या जागी बसतो. नाव न घालता चित्र पाठवलंस, कारण नाव घातलं असतंस तर मी आणला नसता, हे तुला पक्कं माहीत होतं. मी फळीबद्दल लिहिलं, तू ती ओळ वाचलीस आणि मला रिंगचं माप पाठवलंस. माझ्याच हाताने माझी जागा बुजवलीस. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती माझ्या डोक्यात गेली आणि तिथेच मुक्कामाला आहे.

त्या म्हातारीला लिहायला-वाचायला येत नाही. पण कोंबड्या उठवायच्या आधी तिने विचारलं, यांची सोय काय. कोंबड्यांची, दादा.

तू म्हणशील, लांब बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं हिचं. बाबांची अंघोळ, औषधं, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न, सगळं मी बघतो. खरं आहे. बघतोस. मी एक दिवस बघितलेलं नाही. पण म्हणून तुला हे करायचा हक्क मिळतो का? नाही मिळत.

आणि तू का केलंस, तेही मला कळतं. कळत नसतं तर बरं झालं असतं, नुसतं चिडता आलं असतं. तू मूळ मूळ म्हणतोस ती गाडी बाबांची नाही, तुझी आहे. शेजारच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर तू. फळी आली ती आई गेल्यावर. पितळी मूठ, ते हँडल, सगळं नंतरचं. ते सगळं काढलं की तुला तुझी गाडी परत मिळते. हवी तर घे ना. मी आईला नीट पाहिलंसुद्धा नाही, मी तुझ्याकडून आई कशी काढून घेईन? पण बाबा त्या गाडीत राहत नाहीत. बाबा राहतात ते नंतरच्या गाडीत, जिच्यात वळण आलं की हात मागे जातो.

तुझी सगळी पत्रं काल काढून बसले. प्रत्येक पत्रात काहीतरी मागितलंयस. काच, रबर, घड्याळाचा काटा, रिंग. 'ये' असं एकाही पत्रात नाही.

मीही आले नाही. पार्ट शोधायचे आहेत, हे कारण मला फार सोयीचं होतं. मला वाटायचं, मी दारात उभी राहीन आणि बाबा अदबीने विचारतील, "आपण कोण?" त्यापेक्षा भंगारात हिंडणं परवडलं. इतके दिवस मी धरून चालले की ते मला विसरले. आणि ते माणूस पाय सोलवटून मला शोधत होतं.

तर आता ऐक, विचारत नाहीये, सांगतेय.

मी येतेय. गोदामाला सांगून टाकलंय. रिंग टपालाने पाठवणार नाही, हातात घेऊन येणार. पत्रा कापलेला दिसला तर ती तुला मिळेल. दिसला नाही तर मी स्वतः ग्राइंडर चालवीन, आणि माझा हात तुझ्याइतका सरळ चालत नाही, तेव्हा ठरव. फळी तू वेल्डिंगच्या सिलिंडरखाली टेकण म्हणून लावलीयस, वहिनीने सांगितलंय. ती काढ, धू आणि बिजागऱ्यांना तेल घाल.

बाबा मला ओळखणार नाहीत. त्यांना फ्रॉकवाली हवीय आणि मी अशी ताडमाड. नाही ओळखलं तर नाही. मी मागे बसेन, तिथे त्यांना तोंड दिसत नाही.

पण गोदामातून मी महिनाअखेरीस सुटेन, मग दोन गाड्या बदलायच्या, आणि तोवर ते परत शोधायला निघतील. म्हणून आजच पत्रा काप आणि त्या फळीवर तू बस. गुडघे हनुवटीला लागतील, डोकं वर जाईल, शेजारी हसतील. हसू देत. बाबांनी हात मागे केला की टाळी दे आणि म्हण, आहे.

तुझी, मूळ गाडीत नसलेली,
भिंगरी