न मागितलेलं शील

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही बिघडलं की आधी तुम्हीच आठवता. यवतमाळच्या दवाखान्यात वॉर्डाबाहेर बसले आहे. आत राजूरचा एक माणूस पडलाय, कोळशाची हमाली करणारा. वणीहून त्याला इकडं पाठवलं. उशाशी त्याची बायको आहे आणि पायाशी माझी एक विद्यार्थिनी, बीएस्सी दुसऱ्या वर्षाची. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

तुम्ही सुरू केलेला कॉलेजच्या मुलांचा रविवारचा गट मी अजून चालवते. सकाळी राजूरच्या विहारात वंदना, थोडा वेळ डोळे मिटून श्वासाकडं बघायचं, मग खराटे घेऊन वस्तीत, आणि दुपारी लहान पोरांचा अभ्यास. ही मुलगी आली तेव्हा मान वर करून बोलत नव्हती. वर्षभरात अशी मोकळी झाली की वस्तीतल्या बाया तिची वाट पाहायला लागल्या. मला कोण अभिमान! गेल्या पौर्णिमेला वंदना संपली आणि तिनं मागं भिंतीला टेकून बसलेल्या या माणसाला सगळ्यांसमोर उभं केलं. काका, पाचवं शील घ्या, आजपासून दारू बंद, म्हणाली. तो लाजला. बायकोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हात जोडून तिच्यामागं म्हणत गेला. सगळ्यांनी साधू, साधू, साधू म्हटलं. मीही म्हटलं. आपल्यात आधी घेणारा याचना करतो, तीनदा करतो, मगच शील दिलं जातं. रोज तोंडपाठ म्हणतो आपण ते. त्या दिवशी त्यानं काही मागितलंच नव्हतं, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

तुम्ही असता तर तिथंच थांबवलं असतं. पांढरकवड्याजवळच्या त्या गावात मी एका बाईला पोरगी शाळेत पाठवत नाही म्हणून दारातच फैलावर घेतलं होतं, आठवतं? परतताना एसटीत शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढं धरलीत आणि म्हणालात, "तिनं तुले काही मांगतलं होतं का? आंधी तिच्या घरी बस, पाणी पे. मंग बोल." मला इतका राग आलेला की शेंगदाण्यांना हात लावला नाही. आणि पुढच्या रविवारी तुम्ही मला एकटीलाच तिच्याकडं पाठवलंत, पाणी प्यायला.

या माणसानं शब्द पाळला, सर. तेच तर झालं. थेंबभरही घेतली नाही. दोनेक दिवसांत हात थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मग झटके. डॉक्टर म्हणतात, इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडायची नसते, दवाखान्यात आणून औषधावर सोडवायची. आम्हाला कुणाला हे ठाऊक नव्हतं. आजची रात्र निभावली तर वाचेल, एवढंच ते सांगतात. बायको माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, यानं जिंदगीत पयल्यांदा कोणाचं आयकलं." मुलगी सकाळी जिन्यात गाठून विचारत होती, "मॅडम, मी चांगलंच करून राह्यली होती न?" मी तिला म्हटलं, आधी चहा पिऊन ये.

आता डॉक्टर पुन्हा आत गेलेत आणि दार लावून घेतलंय. मघाशी मी डोळे मिटून मैत्रीभावना करायला, सगळ्यांचं भलं चिंतायला बसले, तुम्ही शिकवलीत तशी. मन ठरेना. धम्म घेतला तेव्हाच नवस-सायास आपल्या घरांतून गेले, पोरांना मीच दर रविवारी बजावते. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मघाशी मी नवस बोलले. कोणाला, ते मलाही माहीत नाही. याला उठू दे, म्हटलं, मग पिला तरी चालेल.