बेनोनीची पाटी

३ मे

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं शेवटचं पत्र येऊन पाच महिने झाले, आणि त्यातही 'मी ठीक' एवढंच! पितळेवर नावं कोरून कोरून तुला कागदावरही दोनच शब्द लिहायची खोड लागली आहे.

असो. बातमी गोड आहे. तुझ्या लेकाकडे पाळणा हलणार. सुनेला सातवा महिना आहे. काल तो माझ्याकडे आला होता. घर सोडल्यापासून आठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं आपणहून तुझा विषय काढला. आजोबांच्या वहीतून बाबा एखादं नाव काढतील का, म्हणून विचारत होता. विचारताना बघत मात्र खिडकीबाहेर होता. तुझ्यावरच गेलाय.

घरातल्या मोठ्यानं बायबलमधलं नाव अर्थ बघून काढायचं, ही अप्पांपासूनची रीत. माझं त्यांनी मधमाशीवरून काढलं आणि मी जन्मभर डंख मारून ते सार्थ केलं. आता पाळी तुझी. त्याचा पत्ता मागे लिहिलाय. एकटा भिंतींशी किती दिवस बोलणार आहेस, दादा?

लोभ नको दाखवूस, उत्तर पाठव.

तुझी,
धाकटी

१९ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मग वही काढली. अप्पांची शाई आता चहासारखी दिसते. योना म्हणजे पारवा, तामार म्हणजे खजुराचं झाड, राहेल म्हणजे मेंढी, इसहाक म्हणजे हसतो तो. वाचत वाचत बेनोनीपाशी आलो आणि पुढचं पान उलटेना.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण कधी बोललो नाही. बायबलातली राहेल बाळंतपणात गेली, आणि जाता जाता तिनं बाळाचं नाव बेनोनी ठेवलं, माझ्या दुःखाचा पुत्र. तुझी वहिनी तशीच गेली आणि तिनंही तेच नाव घेतलं. पण राहेलीचा नवरा शहाणा. याकोबानं तिथल्या तिथे ते नाव बदलून बन्यामीन केलं, उजव्या हाताचा पुत्र. मी मात्र तिचा शब्द जसाच्या तसा जन्मदाखल्यावर लिहून आलो, आणि मग तो माझ्या जिभेवर येईना. लोकांच्या दारांसाठी हजारो नावं कोरली, पण पोटच्या पोराला एकवीस वर्षं 'अरे', 'ए' करत वाढवलं. एक दिवस त्यानं वही वाचली असणार, म्हणून तर गेला. असलं नाव कोणाला आवडेल?

शनिवारी दुपारी दुकान बंद केलं की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसतं. परवा नुसता घसा खाकरून पाहिला, आवाज आहे की गेला म्हणून.

तर याकोबाचं काम मी आता केलं आहे. जाड पितळेवर 'बन्यामीन' कोरून त्याला पार्सल केलं. यापुढे त्याचं नाव हेच. त्याला नीट समजावून सांग. तू बोललीस की लोक ऐकतात.

तब्येत जप. तुझ्याशिवाय मला पत्र घालणारं कोणी नाही, हे लक्षात असू दे.

तुझा,
दादा

२ जून

ती. दादास सा. न.

धन्य आहेस! बाळाचं नाव मागितलं, तर तू लेकाचंच बदलून पाठवलंस! त्यानं पार्सल माझ्यासमोर उघडलं, पाटीवरून दोनदा बोट फिरवलं आणि न जेवता निघून गेला. समजाव म्हणतोस, पण काय समजावू? तो स्वतः लिहीन म्हणाला आहे. दादा, या खेपेला काहीही लिहून आलं तरी रुसून गप्प बसू नकोस. माझ्यासाठी एवढं कर.

काळजीत असलेली,
धाकटी

६ जून

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पाटी परत पाठवतो आहे. रागानं नाही. अक्षर तुमचं आहे, देखणंच आहे, पण नाव माझं नाही.

बेनोनीचा अर्थ मी बाराव्या वर्षीच वहीत वाचला. वाईट वाटलं नाही. आईनं मला दिलेली ही एकच गोष्ट माझ्याकडे आहे, आणि तुम्ही नेमकी तीच बदलून देताय. मला लागलं ते वेगळंच. तुम्ही गिऱ्हाइकाच्या कुत्र्यालासुद्धा नावानं बोलवायचात, बाबा. सगळ्या घरात मला तेवढं नाव नव्हतं.

मी आता इस्पितळात नर्स आहे. ऑपरेशननंतर माणूस शुद्धीवर येताना आम्ही त्याच्या कानाशी वाकून त्याला नावानं हाक मारतो. 'अहो, ए' म्हणून कोणी डोळे उघडत नाही. नाव घेतलं की पापण्या हलतात. हे मी रोज बघतो, आणि रोज तुमची आठवण येते.

बाळाचं नाव तुम्हीच काढा, पण टपालानं धाडू नका. इथे या आणि त्याला हाक मारा. पण त्याच्याआधी मला.

वाट बघणारा,
तुमचा मुलगा

१४ जून

चि. बेनोनी,

एवढंच लिहून पेन खाली ठेवलं. चहा गार झाला, पुन्हा केला, तोही गार झाला.

तुझं नाव घेतलं की तुझ्या आईचा शेवटचा आवाज कानात यायचा. तो टाळायला गेलो आणि तुलाच टाळलं. चुकलो रे. फार मोठं चुकलो, बेनोनी.

पाटी पोचली. ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला तुझं नाव कोरलं. 'नो'चा काना थोडा तिरका गेलाय. असू दे. ती आपल्या दाराला लावली. गावाला पाट्या पुरवणाऱ्याचं दार इतकी वर्षं पाटीविनाच होतं, दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. येणारेजाणारे आता विचारतात, आणि मी सांगतो.

बाळासाठी दोन नावं निघाली आहेत, एक मुलाचं, एक मुलीचं. लिहीत नाही. गुरुवारी येतोय. सूनबाईला आशीर्वाद.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
बाबा

ता. क. सवय नाही म्हणून दुकानात सराव करतोय. मघाशी मोठ्यानं म्हटलं तेव्हा टपालवाला दारात होता. त्यानं आत डोकावून विचारलं की आत तर कोणी नाही, मग हाक कोणाला मारताय. मी म्हटलं, मुलाला.