पांढरे ठिपके

मंगळवार, ९ जुलै

ताई,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. इथे सगळं ठीक. खोलीतला पंखा पुन्हा कुरकुरतोय आणि आमचे सर अजून माझाच मग पळवून चहा पितात.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या इंजेक्शननंतर तुझी ठमी जिना चढली, हे वाचून मी ढसाढसा रडले. भावजी नाचले म्हणे! ते ध्यान बघायला मी हवी होते.

आता ऐक, चिडू नकोस. ठमीच्या जनुकात ‘थांबा’ ही खूण भलत्याच जागी आलीय, म्हणून तिच्या स्नायूंचं प्रथिन अर्धवट राहतं. तसलीच खूण असलेलं यीस्ट आम्ही प्रयोगशाळेत वाढवतो. प्रथिन अर्धवट राहिलं की बशीतले त्याचे ठिपके लाल होतात. त्यात मी घडवलेलं टीआरएनएचं, म्हणजे प्रथिनाचे तुकडे आणून जोडणाऱ्या रेणूचं, जनुक घातलं. ते खूण ओलांडून प्रथिन पुरं करतं. ठिपके पांढरेशुभ्र झाले आणि मी बाई हुरळून तुला फोटो पाठवला. तो बघून तू त्याच जनुकाच्या इंजेक्शनसाठी सही केलीस.

पण ते योग्य जागच्या खुणाही ओलांडतंय, ताई. यीस्टमध्ये आईच्या अंगावर लेक फुटते, वाढते, सुटी होते. आता सुटतच नाही. आईला लेक चिकटलेली, त्या लेकीला तिची लेक, माळच्या माळ. घाबरून मी ते जनुक काढून टाकलं. ठिपके पुन्हा लाल व्हायला हवे होते. पांढरेच राहिले. जनुक नाही, तरी आत काम कोण करतंय? हल्ली फ्रीज उघडायलाही मी कचरते.

तुझ्या डॉक्टरांना सांगितलं. “यीस्ट म्हणजे माणूस नव्हे, मॅडम,” म्हणाले. मीही तेच घोकत होते, तुझ्या पत्राची शेवटची ओळ वाचेपर्यंत. ‘ठमी हल्ली मला क्षणभर सोडत नाही गं, झोपेतसुद्धा हात सोडवावा लागतो. किती लाडोबा झालीय!’

लाडच असतील. देव करो, लाडच असोत. पण मला ती माळ आठवली.

सोमवारी दुसरा डोस देऊ नकोस. तो नाही दिला तर ती पुन्हा जिन्याखाली बसून राहील, मला माहीत आहे. हव्या तेवढ्या शिव्या घाल मला.

मी रविवारी येतेय. दार उघडायला तू एकटी ये, ताई. तिचा हात सोडवून ये. आणि सुटत नसेल, तर आतूनच सांग.

जिच्या फोटोवर भरवसा ठेवलास ती,
तुझी धाकटी