रोजच्या रस्त्याचे टायर

अण्णा, आज जीपचे टायर बदलले. पाचही बदलले, स्टेपनीसकट. दुकानातून घरी आले, खांदा कॉलनीतल्या आपल्या त्याच घरात, चहाचं आधण ठेवलं आणि कोणाला तरी हे सांगावं म्हणून फोन हातात घेतला. नावं वर-खाली केली. समोरच्या बाईंना सांगितलं असतं तर त्या ‘अरे वा’ म्हणाल्या असत्या आणि दूधवाल्याचा विषय काढला असता. हॉस्पिटलातल्या माझ्या जुन्या मैत्रिणी आता नातवंडांत बुडाल्या आहेत. टायर बदलले, ही काही कोणाला फोन करून सांगायची गोष्ट नव्हे, हे मलाही कळतं. पण ज्या एका माणसाला ती सांगण्यासारखी वाटली असती, त्याला जाऊन सोळा वर्षं झाली. म्हणून फोन ठेवला आणि वही घेतली.

माझ्याकडे जीप आहे, हेच तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी बसने ड्यूटीवर जायचे. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि महिनाभरात घर खायला उठलं. लग्न केलं नाही म्हणून तुम्ही कधी बोलला नाहीत, पण रिकाम्या घरात सकाळी दहा वाजता काय करायचं असतं, तेही कधी सांगितलं नाहीत. मग एका संस्थेचं काम घेतलं. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथे रोज जायचं, गरोदर बायका आणि तान्ही मुलं तपासायची, आणि वेळ आलीच तर पेशंटला गाडीत घालून पनवेलला आणायचं. नेऱ्याच्या पुढे रस्ता नावालाच आहे आणि शेवटचा मैलभर तर तोही नाही. म्हणून जुनी फोर बाय फोर जीप घेतली. घेतली त्या दिवशी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि खाली वाकून पुढच्या डाव्या टायरवर तळहात ठेवला. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, की हे मी तुमचं करतेय.

तुम्ही रोज सकाळी तेच करायचात. सरकारी जीप, साहेबांची ड्यूटी, आणि साहेब खाली उतरायच्या आत तुमचे चारही टायर हाताने बघून झालेले. मी शाळेला निघालेली असायचे आणि तुम्ही उकिडवे बसून नक्षीतले खडे चिमट्याने काढताय. मैत्रिणी हसायच्या. आई गेल्यावर त्याच हातांनी तुम्ही भाकऱ्या थापायला शिकलात. नखांतलं काळं कितीही घासलं तरी जात नसे, म्हणून तुम्ही पीठ मळायच्या आधी मला हात दाखवायचात, वर्गात तपासणीला दाखवावेत तसे. ‘चालतील?’ मी मान हलवली की मगच परातीत हात. त्या स्वयंपाकघरात आपण फार बोलायचो असं नाही. पण तव्यावर भाकरी टाकून तुम्ही सांगायचात, आज अमुक घाटात ट्रक कसा उलटला, त्याच्या टायरची बाजू कशी फाटली होती, टायरवरच्या आकड्यांवरून तो कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात बनलाय हे कसं वाचायचं. इतर मुलींना वडील गोष्टी सांगतात, मला टायर सांगायचे. मला त्याचा कंटाळा यायचा. आज लिहिताना कंटाळा आठवत नाही, तव्याचा वास आठवतो.

तुम्ही मला एकदाच ओरडलात. मी वीस वर्षांची असेन. तुमच्या मित्राची खटारा जीप मागून घेऊन तुम्ही मला गाढेश्वरच्या धरणाकडे चालवायला नेलं होतं. पुढे ओढा आडवा आला, पाणी गढूळ. मी जोरात गाडी पाण्यात घातली. तुम्ही हाताने चावी फिरवून गाडी बंद केली. ओढ्याच्या मधोमध. ‘उतर,’ म्हणालात. ‘चपला काढ आणि चालून ये पलीकडे.’ मी गुडघाभर पाण्यातून गेले, पायाला दगड लागले, एका ठिकाणी मांडीपर्यंत खड्डा होता, त्यात जवळजवळ पडलेच. परत आले तेव्हा रडत होते. तुम्ही म्हणालात, ‘आता तुला ठाऊक झालं, चाक कुठे जाणार होतं ते.’ आणि मग खूप वेळाने, घरी परतताना, ‘लागलं का गं पायाला?’

आणि ती साहेबांची गोष्ट. नवे साहेब आले होते, त्यांना जीप रुबाबदार दिसायला हवी होती. खोल नक्षीचे, जाड गुटक्यांचे चिखलाचे टायर घाल म्हणाले. तुम्ही म्हणालात, ‘साहेब, आपण चिखलात महिन्यातून एकदा जातो. रोज डांबरावर असतो. हे टायर ओल्या डांबरावर धरत नाहीत.’ साहेब म्हणाले, ‘तू ड्रायव्हर आहेस, गाडी चालव.’ तुम्ही चावी टेबलावर ठेवलीत. नंतरचे आठ महिने तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं, खुर्चीवर, स्क्रू मोजायला. तुम्ही घरी येऊन हे सांगितलंत तेव्हा मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. मला लाज वाटली. मी म्हणाले, ‘टायरसाठी कोणी नोकरी पणाला लावतं का, अण्णा?’ तुम्ही भाकरी उलटत होतात.

हे सगळं ठाऊक असून मी काय केलं ते ऐका. जीपला पहिल्यांदा टायर घालायची वेळ आली तेव्हा मी चिखलाचेच घातले. दुकानातल्या माणसाने आग्रह केला हे खरं, वाडीची चढण अवघड हेही खरं. पण दुकानाबाहेर तसे टायर घातलेली एक गाडी उभी होती आणि मालकाने मला तिच्यातून चक्कर मारून आणली. त्या टायरांचा सिमेंटच्या रस्त्यावर आवाज येतो, अण्णा. सतत घूंऽऽ असा, खालून, जसं शेजारच्या खोलीत कोणीतरी हळू आवाजात बोलतंय. त्या आवाजासाठी मी ते घेतले. घरापासून वाडीपर्यंत गाडीत तो आवाज असायचा आणि मला बरं वाटायचं. रेडिओ लावला तर एकटं वाटतं, पण त्या आवाजात नाही वाटायचं. अशा कारणासाठी टायर घेणारी मी एकटीच असेन.

गेल्या पावसाळ्यात, भर दुपारी, वाडीवरून निरोप आला, की एका सुनेला सकाळपासून कळा सुरू आहेत आणि मूल आडवं आहे. मी गेले. चढण म्हणजे नुसता लाल चिखल, पण टायरांनी ती अशी चढली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. सुनेला मागे आडवं केलं, तिच्या उशाशी सासू बसली. सासू माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल, दिसायला मोठी. मुलगा गावात नव्हता. उतारावर मी एकदाही घसरले नाही. नेरे आलं, डांबर आलं, मी सुटकेचा श्वास सोडला आणि वेग वाढवला. पनवेलच्या तोंडाशी सिमेंटचा रस्ता, वर पाण्याचा पातळ थर. पुढची रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबलीच नाही. चाकं थांबली आणि गाडी पुढे जात राहिली, साबणावरून जावी तशी. रिक्षा चुकवायला स्टिअरिंग वळवलं आणि जीप दुभाजकावर आदळली.

सुनेला काही झालं नाही, कारण सासूने तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. स्वतःला धरायला तिच्याकडे हात उरले नव्हते. तिचा खांदा लोखंडी पट्टीवर आपटला आणि गळ्याखालचं हाड मोडलं. मी मागे गेले तर ती म्हणते, ‘मला काय नाय झालं, नर्सबाय. तू पोरीला बघ.’ ज्या रिक्षाला मी धडकणार होते, त्याच रिक्षात घालून सुनेला हॉस्पिटलात नेलं. तासाभरात सिझेरियन झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पोलिसांनी रस्ता निसरडा असल्याचं लिहून घेतलं. संस्थेच्या लोकांनी माझं कौतुक केलं, वेळेत आणलंत म्हणून. मला कोणीच काही म्हणालं नाही. आणि तुम्ही मला रिकाम्या घरात दिसत राहिलात, स्टोअरमधल्या त्या खुर्चीवर बसलेले.

त्यानंतर मी वाडीवर जायचे, पण सासूच्या घरावरून जायचं टाळायचे. तिची औषधं, तिचा खांद्याचा पट्टा, सगळं वाडीतल्या आशा सेविकेच्या हातून पाठवलं. दिवाळी झाली की ती सगळी माणसं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मला वाटलं, तीही गेली असेल. गेल्या महिन्यात मी त्या बाजूला एक आजारी म्हातारा बघायला गेले, तर सगळ्या घरांना कड्या आणि एका दारात ती बसलेली. हाड वेडंवाकडं जुळलं होतं, डोक्यावर विटा घेता येत नव्हत्या, म्हणून मुलगा, सून, नात भट्टीवर आणि ती इथे. ‘बस,’ म्हणाली. मी बसले. वाडीत कुत्रंसुद्धा नव्हतं. ती म्हणाली, ‘एकटीला भाकरी करावीशी वाटत नाय. सकालची करते, तीच रातीला खाते.’ मी म्हणाले, मीपण तसंच करते. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटत होतं, गाडीवाल्या बाईचं घर भरलेलं असतं.

मग मी तिला सांगून टाकलं. म्हणाले, त्या दिवशी रस्त्याची चूक नव्हती. माझ्या गाडीची चाकं चुकीची होती. मला माहीत होतं, तरी मी ती घातली. ती रागावेल, निदान रडेल, असं मला वाटलं होतं. तिने कुडाला टेकून नीट ऐकून घेतलं.

‘अजून तीच हायेत?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘आन् रोज माणसं नेतेस?’

‘हो.’

‘मंग बदल की!’ ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार आली. ‘आमाला सांगून काय व्हनार?’

अण्णा, ओढ्यात गाडी बंद केलीत तेव्हा तुमचा आवाज असाच होता.

त्यानंतर आठवडाभर मी वहीत रोज लिहिलं, गाडी कुठून कुठे गेली. घर ते नेरे, सिमेंट आणि डांबर. नेरे ते वाड्या, खडी. शेवटची चढण, माती. आठ दिवसांचं लिहून बघितलं तर माती सगळ्यात कमी होती. तुम्ही हे साहेबांना एका वाक्यात सांगितलं होतंत. आज जुन्या पनवेलमधल्या त्याच दुकानात गेले. मालकाने मला ओळखलं, म्हणाला, ‘मॅडम, वोही टायर देता हूं ना? तुमच्या गाडीला तेच शोभतात.’ मी म्हणाले, शोभायला नकोत, ओल्या रस्त्यावर थांबायला हवेत, आणि खडीवर बाजू फाटायला नको. त्याने मधल्या जातीचे काढले, ऑल टेरेन, थोडी मातीची नक्षी, थोडी रस्त्याची. मी खाली बसले आणि एकेकाचे चार आकडे वाचले. एक टायर बाकीच्यांहून तीन वर्षांनी जुना निघाला. तो परत केला. मालक जरा ओशाळला, आतून दुसरा आणला. पाचही एकसारखे घातले. शेवटची चढण भर पावसात हे टायर चढतीलच असं नाही. नाही चढले तर गाडी खाली लावीन आणि पिशवी घेऊन चालत जाईन. पेशंटला तेवढं अंतर झोळीतून आणावं लागेल. हे संस्थेला सांगितलं आहे, वाडीतही सांगणार आहे. सासूच्या खांद्यासाठी पनवेलमधल्या एका हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते म्हणाले, आता फार काही होणार नाही, पण बघतो.

येताना गाडीत काहीच आवाज नव्हता. सिग्नलला थांबले, तर गाडी जागच्या जागी उभी राहिली. आजूबाजूला सगळे हॉर्न वाजवत होते आणि आत इतकं शांत, की मला काय करावं ते सुचेना.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी करून जीपच्या विम्याच्या कागदांमागे ठेवणार आहे, तिथे कोणी बघत नाही.

एक राहिलं. मी टायरचे आकडे वाचत होते तेव्हा दुकानाच्या मालकाने विचारलं, ‘ये किसने सिखाया, मॅडम?’ मी म्हणाले, ‘वडिलांनी.’ तो म्हणाला, ‘अरे, मग त्यांना घेऊन यायचं होतं ना सोबत.’ मी म्हणाले, ‘त्यांचे गुडघे दुखतात. घरी बसलेत. गेल्यावर दाखवीन त्यांना.’