दिपमालेची फ्रेंच आणि आमची कालवड

बोदवड, बुधवार

तीर्थरूप रतिलालभाऊ यांस,

धाकट्या बहिणीचा, बेबाचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचे गुडघे आणि वहिनींची शुगर आटोक्यात असेल असं धरून चालते. धुळ्याच्या तुमच्या देवपुरात पाणी दिवसाआड येतं, की तेही बंद झालं? इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त मी हबकले आहे.

भाऊ, भूपेंद्रसाठी हे स्थळ तुम्ही आणलंत, म्हणून तक्रारही तुमच्याकडेच. मुलगी शिकलेली आहे म्हणालात, मी हुरळले. काय शिकलेली आहे, ते विचारायचं राहून गेलं. (विचारलं असतं तरी तुम्ही वेळ मारून नेली असती.) दिपमाला फ्रेंच शिकवते! आमच्या ओसरीत, गोधड्यांच्या चळतीला मोबाइल टेकवून, पुण्यामुंबईच्या पोरांना. शिकवू दे, माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्या फ्रेंच लोकांच्या तोंडात सदा एकच शब्द. बाप्या असला की 'बो', बाई असली की 'बेल', अर्थ एकच, देखणं. माणूस देखणा, घर देखणं, इथवर ठीक. मागच्या आठवड्यात भर दुपारी, कुत्रीसुद्धा नळाखाली जाऊन पडली असताना, ही पोरांना सांगते, लख्ख ऊन पडलं की हवा 'बो'! बोदवडचं मे महिन्यातलं ऊन देखणं! आणि एखाद्याने जीव तोडून खटपट केली आणि सगळी पाण्यात गेली, तर ते सांगतानाही हाच 'बो'. मी तोंडाला पदरच लावला.

पण खरा घात पुढे आहे. गाईला कालवड झाली. नव्या जिवाला आपल्यात कोणी छान म्हणतं का? मी तिला काजळाचा टिळा लावून गोठ्याचं दार लोटून घेतलं, आणि सूनबाईंनी मोबाइल आत नेऊन वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांना ती दाखवली. पोरं एका सुरात 'बेल! बेल!' माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी कालवड दुधाला तोंड लावेना. मी मीठ-मिरच्या उतरवून निखाऱ्यावर टाकल्या, तर ठसका थेट ओसरीत. वर्ग चालू होता. दिपमाला खोकून खोकून लाल, पोरांना वाटलं घर पेटलं, आणि कोणाची तरी आई मोबाइलमध्ये येऊन 'पाणी ओता, पाणी ओता' ओरडायला लागली. (कालवड पहाटेच सुटून पोटभर प्यायली होती, हे मागाहून कळलं. पण दृष्ट ती दृष्टच.)

मी वर्ग बंद कर म्हणून सांगितलं. पोरगी महिनाअखेर बंद करते म्हणाली आणि भांडी घासायला बसली. त्या दिवसापासून धड जेवली नाही. भूपेंद्र तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

त्यात काल शेजारच्या सुगंधाबाई आल्या. "तुह्या त्या भाषेत सासूले काय म्हनता वं माय?" त्यांनी दिपमालेला विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "बेल-मेर." म्हणजे देखणी आई! माझ्या हातातलं लाटणं पडलं. वाटलं, वर्गाचा राग काढते आहे. पुस्तक आणायला लावलं, तर छापलेलं तेच! सून म्हणजे देखणी मुलगी, सासरा म्हणजे देखणा बाप. भाऊ, सासूला असं म्हणणाऱ्यांच्या घरात भांडणं होतात तरी कशी? आमचे हे खाटेवरून सगळं ऐकत होते. आज सकाळी कोणी न सांगता दाढी केली आणि मिशांना कलप लावला.

तरी मी ठाम आहे. रविवारी तिच्या वडिलांना घेऊन या, आणि वर्गाचं एकदाचं मिटवा.

तुमची लहान बहीण,
बेबाबाई

ता. क. रविवारी येऊ नका. त्या दिवशी वर्गात कुटुंबाचा धडा आहे आणि पोरांना सासू म्हणून मला दाखवायचं ठरलं आहे. (मीच ठरवलं. महिनाअखेरचं आत्ता चहा पिता पिता रद्द केलं.) वहिनींची हिरवी रेशमी साडी पाठवा. गल्लीतला धनसिंग शुक्रवारी धुळ्याला येतो आहे, त्याच्याजवळ द्या. ब्लाउजही द्या, मी उसवून घेईन.

आणखी एक. हसू नका, भाऊ. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला कोणी देखणी म्हटलं नव्हतं. काल एका उपाशी पोरीने म्हटलं, आणि मी ताट वाढायचं सोडून तिच्याकडे पुरावा मागत बसले. तिच्या वडिलांना सांगा, पोरगी आता जेवते. मी समोर बसून वाढते, आणि ती पुरे म्हणाली तरी ऐकत नाही.