आठ काठ्या, हात माझा

आबा, काल तुमच्यामुळे माझी चार माणसांत शोभा झाली. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, गेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. अर्ध्या तालुक्याचे गडगे तुम्ही घातलेत. ज्याच्या त्याच्या हद्दीवर तुमच्या हातची चिऱ्यांची भिंत उभी आहे आणि आपल्या घरामागे, काकाच्या आणि आपल्या जागेमध्ये, एक दगड नाही. आईने विचारलं तर म्हणालात, भावाभावात गडगा कशाला. एक कागद केलात, त्यावर काकाची सही घेतलीत. मागच्या जोत्यापासून पूर्वेला आठ काठ्या, रुंदीला पाच काठ्या, एकूण दोन पांड. काठी पाच हात पाच मुठींची, हात माझा. संपलं. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले तेव्हा तोच कागद माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, ही जागा तुझी. आता काका नाही, तुम्ही नाही, आणि तो तुमचा हात मी कुठून आणू?

काकाचा मुलगा पर्यटकांसाठी खोल्या बांधतोय. गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणून आईचं रातांब्याचं झाड तोडायचं आहे त्याला. म्हणतो, झाड माझ्या हद्दीत. माझी वर्षाची कोकमाची सोलं त्या झाडाची, सोलकढीचं आगळ त्याचंच, आणि आई दुपारी टेकायची ती त्याच्याच बुंध्याला. मी कसं तोडू देईन? म्हणून मोजणीवाल्याला बोलावलं. पोरगेलासा माणूस, मावशी मावशी करत आला. तुमचा कागद वाचला आणि फोन काढला. हात म्हणजे अठरा इंच, मूठ म्हणजे तीन इंच, काठी झाली पावणेनऊ फूट, आठ काठ्या सत्तर फूट. दोन पांड म्हणजे पावणेतीन गुंठे आणि वर थोडं. टेप ताणला तर झाड चार फूट पलीकडे.

मी म्हटलं, "फोनमध्ये हात कोणाचा आहे?"

"कोणाचा नाही मावशी, प्रमाण हात असतो तो."

"त्या हाताने कधी चिरा उचललाय?"

काकाचा मुलगा गडी-माणसांसमोर हसला. "आमच्या काकाचा हात काय मारुतीचा होता गो तायगो?"

"कुठल्या सदऱ्याची बाही त्यांच्या मनगटाला पोचली नाही. तुझा बापूस असता तर त्याने सांगितलं असतं तुला," मी म्हटलं, आणि तरातरा घरात जाऊन तुमची काठी घेऊन आले.

ती काठी तुम्ही केलीत तेव्हा मी नऊ वर्षांची. पडवीत बांबू आडवा टाकलाय, तुम्ही कोपर टेकून हात लांब करताय आणि मधल्या बोटाच्या टोकाशी कोयतीने खाच पाडताय. पाच हातांच्या पाच, मग मुठीवर मूठ ठेवून आणखी पाच. मी वरून उडी मारते आणि तुम्ही माझ्या पोटरीवर सणसणीत चापट मारता. "मापाची काठी ती. बोटभर फरक पडला तर शेजारी शेजाऱ्याचं तोंड बघणार नाही." मग मला जवळ बसवून म्हणायला लावता, पाच हात पाच मुठी काठी, वीस काठ्या पांड, वीस पांड बिघा. शाळा माझी चौथीत सुटली. पाढे विसरले, हे विसरले नाही.

तर काल ती काठी जोत्यापासून आठ वेळा टाकली. सदुसष्ट फूटसुद्धा भरेना. फोनपेक्षाही कमी. काकाचा मुलगा म्हणाला, "फोनचाच हात लांब निघाला की." मोजणीवाल्याने काठी उलटसुलट करून बघितली आणि हळूच विचारलं, "मावशी, कोणी तोडली-बिडली नाही ना?" मी ताडकन म्हटलं, माझ्या घरातल्या वस्तूला कोणी हात लावत नाही. सोमवारी परत येतो म्हणून तो गेला. मी संध्याकाळभर तुम्हाला शिव्या घातल्या. लोकांची मापं सरळ आणि लेकीचं माप खोटं, असंही म्हटलं. भांडी घासताना मोठ्याने म्हटलं.

आज सकाळी काठी परत चुलीवर टांगायला घेतली. कपडे वाळत घालते मी तिच्यावर. खाचांवरून बोट फिरवलं तर चारच. पाचवीच्या जागी काठी संपलेली. मुठींच्या खाचा नाहीतच. एक टोक जुनं, धुराने काळं, आणि दुसरं तिरकं, कोयतीने उडवलेलं. तेव्हा आठवलं. लेक सावर्ड्याहून बाळंतपणाला आली होती, श्रावण होता, लंगोट वाळत नव्हते. चुलीवर काठी टांगायला गेले तर ती भिंतीत अडकत होती. खाचेवर कोयती बरी बसते, म्हणून तिथेच घाव घातला. तुकडा चुलीत गेला. तो नातू आता शाळेत जातो.

मग टेप लावला. जुन्या टोकापासून पहिली खाच वीस इंच, मग खाचेपासून खाच, चारही वेळा वीस. म्हणजे हाताला दोन इंच जास्त. आठ काठ्यांचे चाळीस हात, ऐंशी इंच, साडेसहा फुटांच्या वर. मुठींचं सोडाच. आईचं झाड आपल्यात येतंय, आबा. चांगलं आत येतंय.

पण सोमवारी हे दाखवायचं तर कापल्याचं आधी सांगावं लागणार, आणि तेही काकाच्या मुलासमोर. तो म्हणणार, मग खाचाही तूच पाडल्यास. खाचा धुराने काळ्या आहेत, मोजणीवाल्याला दिसतील. ते मला जड नाही. मला जड जातंय ते, "कोणी हात लावत नाही" असं ज्या तोंडाने सांगितलं त्याच तोंडाने "मी लावला" म्हणणं. सांगेन. झाडासाठी सांगेन.

हे तुम्हाला लिहिलं कारण एकदा आधी म्हणून बघायचं होतं. काठी मी कापली. शिव्या उगाच घातल्या. गडग्याचं मात्र तुमचंच चुकलं, ते मी मागे घेत नाही.